बारा कागद, अकरा पोरं

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत जळालेल्या दुकानांचे पंचनामे केले. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलंय. कुठला चोर कुठल्या ठाण्यातला, ते आठवावं लागतं. मलकपेठच्या बंगल्याची केस मात्र आठवावी लागत नाही, आपली आपण समोर येऊन बसते. नावं मी कुणाचीच घेणार नाही. त्यातली पोरं आता नातवंडांची माणसं झाली असतील, त्यांना कशाला त्रास.

हैदराबादेत पोलीस ॲक्शन होऊन निजामाची सत्ता गेली होती अन् त्यानंतरचा पहिला हिवाळा चालू होता. मी तेवीस वर्षांचा. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू शाळेत शिकलेला, मास्तरांच्या नकला करून छड्या खाल्लेला, अन् तरी नशिबानं मलकपेठच्या ठाण्यावर अमीन झालेला. अमीन म्हणजे आजचा सब-इन्स्पेक्टर. तेव्हा आमच्या खात्याची अवस्था अशी, की वरचे साहेब मद्रासकडून आलेले, हुकूम इंग्रजीत, कागद उर्दूत, तक्रारी तेलुगूत अन् शिव्या दखनीत. माझा जमादार जुना हैदराबादी. दोन पिढ्या निजामाच्या पोलिसात. त्याची नोकरी राहणार की जाणार ते अजून वरून ठरायचं होतं. तरी गडी रोज सकाळी बूट चमकवून हजर असायचा.

रेसकोर्सच्या रस्त्यानं तेव्हा सकाळी एक मिरवणूक जायची. पुढं पांढऱ्या झग्यातला एक उंच माणूस अन् मागं दोन-दोनच्या ओळीत पांढऱ्या झग्यातली पोरं, मराठी भजनं म्हणत. ख्रिस्ती पोरं, सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरमधली. त्या माणसाला सगळे बंधूजी म्हणायचे. तो वाटेत थांबून लोकांना उपदेश करायचा. आवाज असा गोड अन् लांबवलेला, की मला दुसऱ्याच दिवशी त्याची नक्कल जमली.

एका दुपारी ठाण्यात काम नव्हतं. मी अंगावर टेबलाचं कापड पांघरलं, हात वर केले अन् सुरू झालो, "बाळांनोऽऽ, जगाची घटका भरली आहेऽऽ, जमादार, तुझीही भरली आहेऽऽ!" जमादार पोट धरून हसत होता. "बस करो अमीन साब, मर जाऊंगा मैं."

तेवढ्यात दाराकडं लक्ष गेलं. एक माणूस उभा होता. चाळिशीचा, हातात टोपी, नखांत वर्कशॉपचं काळं तेल. कधीचा उभा होता कुणास ठाऊक.

"सलाम साहेब," तो मराठीत म्हणाला.

"बोला. काय काम आहे?"

त्यानं माझ्या खांद्यावरच्या कापडाकडं बघितलं. "काही नाही. रस्ता चुकलो," म्हणाला अन् गेला.

रस्ता चुकून कुणी ठाण्यात येत नाही, हे नवीन शिपायालासुद्धा कळतं. मला कळलं नाही, कारण मी अजून माझ्याच नकलेवर खूश होतो. रोजनामच्यात नोंदही केली नाही.

आठ दिवसांनी खबर आली ती दुधाबरोबर. आमच्या चहाला दूध घालणारी तेलुगू गवळण होती. बोलायची दखनीत, अडखळत. त्या दिवशी ती भांडं ठेवून तिथंच रेंगाळली.

"क्या अम्मा, पैसे होना?" जमादारनं विचारलं.

"नक्को. वो बंगला है ना जी, सफेद कपड़ेवाला. बारा पोट्टे हैं उधर. पाँच सेर दूध जाता था. तीन हफ्ते से बंद बोल दिए."

"उपास होंगा उनका."

"इत्ते दिन का? बच्चों को?" तिनं पदर सावरला. "और साब, आवाज नै आती. गाना गाते, बस. खेलते नै, रोते नै, लड़ते नै. मेरे घर में तीन हैं तो कान फट जाते."

मग जाता जाता म्हणाली, की तीन दिवसांपूर्वी मागच्या भिंतीवरून तिनं बघितलं. सीताफळाच्या झाडाखाली रोजंदारीचे दोन मजूर खणत होते अन् पोरं भोवती उभी राहून गात होती. "झाड लगा रहे बोले. पर झाड तो दिखा नै."

जमादारनं हातातली कपबशी खाली ठेवली.

तासाभरात आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. कुणा जहागीरदाराचा तो बंगला. मालक गडबडीत निघून गेलेला, बंधूजींना राहायला मिळालेला. बंधूजी व्हरांड्यात आले, हात जोडले, खुर्च्या दिल्या. आत हॉलमध्ये पोरं मांडी घालून बसली होती. सगळी दहा ते पंधराच्या वयातली. मी एकेकाला नाव विचारलं. "माझं नाव देवाला माहीत आहे," प्रत्येकानं हेच उत्तर दिलं, एकाच सुरात. गालांची हाडं वर आलेली. एका पोरीचे ओठ फुटून रक्त सुकलं होतं, तरी ती पुसत नव्हती.

"ही पोरं उपाशी आहेत," मी म्हटलं.

"उपासाला बसली आहेत," बंधूजी म्हणाले. "आपल्या मर्जीनं. अन् आई-बापांच्या मर्जीनं." त्यांनी एक पुडकं आणून माझ्या हातात दिलं. प्रत्येक कागदावर एकच मजकूर, फक्त नावं वेगळी. 'आमचं लेकरू आम्ही राजीखुशीनं देवाच्या कामाला अर्पण केलं आहे. यापुढं त्याच्याविषयी आम्ही विचारणा करणार नाही.' खाली आई-बापांच्या सह्या, नाहीतर अंगठे. वर क्वार्टरचा नंबर.

मी कागद वाचत होतो. जमादार माझ्या मागं उभा राहून काही मोजत होता. हळूच म्हणाला, "साब, कागज बारा. पोट्टे ग्यारा."

"बारावा कुठं आहे?"

"त्याची तब्येत बरी नव्हती," बंधूजी शांतपणे म्हणाले. "घरी पाठवला."

मला आत घुसून झाडाखालची माती उकरायची होती. पण तेव्हाचे दिवस तसे नव्हते. देऊळ, मशीद, चर्च, कुठंही वरच्या हुकुमाशिवाय पाय टाकायचा नाही, असा सक्त आदेश. मी आमच्या मद्रासी साहेबांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं अन् एकच विचारलं, "तक्रारदार कोण आहे?"

तक्रारदार नव्हता. पोरं दिलेली होती, लेखी. कायद्यानं अज्ञान मुलाचा ताबा आई-बापांचा. त्यांनी परत मागितलं अन् समोरच्यानं दिलं नाही, तर गुन्हा होतो. पण मागायला तर पाहिजे कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी पत्त्यांची यादी घेऊन आम्ही सिकंदराबादला गेलो. क्वार्टरच्या त्या लाईनीत बरीच घरं जालना भागातून आलेल्या मराठी ख्रिस्ती माणसांची. फिटर, खलाशी म्हणजे वर्कशॉपचे मदतनीस, पॉइंटमन. आम्ही दार वाजवायचो, बाई यायची, 'सलाम' म्हणायची, अन् पोराचं नाव काढलं की चेहरा बंद. "आम्ही दिलंय साहेब. परत मागत नाही." हेच प्रत्येक घरात.

बाराव्या पोराच्या घरी तर बापानं दारसुद्धा पूर्ण उघडलं नाही.

"पोरगा घरी आलाय का तुमचा?"

"नाही. तो लांब गेलाय, देवाच्या कामावर. बंधूजींनी निरोप दिलाय."

"आम्हाला तर घरी पाठवला म्हणाले."

त्यानं दार अजून थोडं ओढलं. मागून त्याची बायको काहीतरी बोलली. "विचारणा करणार नाही, असं लिहून दिलंय आम्ही," तो म्हणाला अन् दार लोटून घेतलं. तक्रारीच्या कागदावर सही करायला मी किती विनवलं, तर आतून उत्तरच नाही.

शेवटून दुसऱ्या घराचं दार उघडलं, तर समोर तो टोपीवाला माणूस. वर्कशॉपमध्ये फिटर होता. ओठ फुटलेली ती पोरगी त्याची.

मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी ठाण्यात आला होता."

"हो."

"परत का गेलात?"

त्यानं नखातलं तेल अंगठ्यानं खरवडलं. मग म्हणाला, "तुम्ही बंधूजींची नक्कल करत होता. जमादार हसत होते. मला वाटलं, माझं ऐकून घ्याल अन् उद्या माझी नक्कल कराल."

मी माझी टोपी काढून हातात घेतली. "चुकलं माझं," एवढंच म्हणालो. जमादारनं मान खाली घातली.

त्याच्या बायकोनं आम्हाला आत बसवलं. दोन वर्षांची धाकटी तिच्या कडेवर होती. सगळी हकीकत तिनंच सांगितली.

"फौज यायच्या आधी, त्या उन्हाळ्यात गाड्या बंद झाल्या होत्या. रझाकारांची भीती. मागच्या गल्लीत दोन घरं लुटली. आमच्या चर्चचे पाळकसाहेब सोलापूरकडं गेले ते तिकडंच अडकले. देवळाला कुलूप. अशात हा आला. घरोघर प्रार्थना घ्यायचा. आम्हाला वाटलं, देवानंच पाठवला. एक दिवस म्हणाला, देवाला नुसतं वाचव वाचव म्हणू नका, काय देणार ते बोला. मी म्हटलं, कापणीच्या सणाला दुप्पट धान्य वाहीन. तो हसला. म्हणाला, तुमचं सगळ्यात लाडकं काय आहे?"

"मग?"

"पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, साहेब."

ती थांबली. धाकटीनं तिच्या गळ्यातला काळा दोरा तोंडात घातला होता, तो तिनं काढला.

"कागद त्यानं लिहून आणले. आम्ही सह्या केल्या. मग फौज आली. ज्यांनी ज्यांनी नवस केला, त्यांच्यातल्या एकाचंही दार फुटलं नाही. तो परत आला अन् म्हणाला, देवानं आपलं केलं, आता तुमची पाळी."

"फौज आई थी बाई," जमादार म्हणाला. "मिलिटरी. इसलिए बचे."

"अन् फौज पाठवली कुणी?" तिनं विचारलं.

जमादारनं आपली टोपी गुडघ्यावर ठेवली.

मी फिटरला म्हटलं, "तुम्ही एक ओळ बोला. माझी पोरगी मला परत पाहिजे. मी आत्ता जाऊन तिला आणतो."

"नाही बोलता येत साहेब." तो म्हणाला. "शास्त्रात आहे, बायबलात. बायकोनं नवस बोलला अन् नवऱ्यानं ऐकला, तर त्यानं त्याच दिवशी मोडावा. गप्प बसला तर नवस पक्का. बंधूजींनी आम्हाला वाचून दाखवलंय. मी त्या दिवशी गप्प बसलो. ठाण्यात आलो तेव्हाही मोडायला नव्हतो आलो. नुसतं विचारायला आलो होतो, की पोरगी जिवंत आहे का एवढं कुणी बघून येईल का." त्यानं कडेवरच्या पोरीकडं बोट केलं. "आता मोडला, अन् हिला काही झालं तर?"

त्या माणसाला मी भेकड समजलो होतो. तो भेकड नव्हता. एक पोर परत मागितलं तर दुसरं जाईल, अशा हिशोबात त्याला कुणीतरी अडकवून ठेवलं होतं, अन् अडकवायला दोर वापरला होता त्याच्याच श्रद्धेचा. मी हिंदू पोलीस, जमादार मुसलमान. त्या दोरीची गाठ आम्हा दोघांना सुटणारी नव्हती.

मग पाळकसाहेबांना बोलावलं. साठीच्या पुढचे, काठी टेकत आले. सोलापूरहून परतून त्यांना दोन महिने झाले होते, पण त्या कागदांचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं अन् फिटरला म्हणाले, "बाळा, नवसात माणसानं आपलं द्यावं. पोर आपलं नसतंच, ते आधीपासून देवाचं. त्याचंच त्याला काय देणार? अन् मध्ये हा कोण, ते घेऊन जाऊन आपल्या घरात ठेवणारा? नियम सांगितला त्यानं, पण नियम कशासाठी होता ते सांगितलं नाही. अविचारानं बोललेल्या शब्दातून माणसाला सोडवायला होता तो."

"तुम्ही त्या महिन्यांत कुठं होता, पाळकसाहेब?" फिटरनं विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच विचारलं.

म्हातारा काठीकडं बघत राहिला. "सोलापूरला. गाडी नव्हती, हे खरं. पण असती तरी आलो असतो की नाही, ते मला सांगता येत नाही. भ्यालो होतो मी."

शेवटी बाई उठली. धाकटीला तिनं नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"नवस मी बोलले," ती म्हणाली. "ह्यांनी नाही. माझ्या तोंडानं बोलले, माझ्या तोंडानं मोडते. पाप लागायचं तर मला लागू दे. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. लिहा साहेब."

फिटरनं मान वर केली नाही. पण तिला अडवलंही नाही.

ठाण्यात आमचा मुहर्रिर, म्हणजे लिहिणारा कारकून, अडून बसला. "बाप जिंदा है और रपट माँ लिखा रही? किधर का कायदा है जी?"

"लिख मियाँ," जमादार म्हणाला. "बच्ची को बाप जना था क्या?"

लिहिली. अंगठ्याला शाई लावायला गेलो, तर म्हणाली, "मला सही येते." अक्षर वाकडं आलं, पण पूर्ण नाव लिहिलं. साहेबांनी कागद बघितला अन् हुकूम दिला.

सकाळी आठला आम्ही बंगल्यावर पोचलो. चार जवान, जमादार, मी, पाळकसाहेब अन् ती आई. पोरं हॉलमध्ये तशीच बसलेली. आईनं पोरीला घरच्या लाडक्या नावानं हाक मारली. पोरीनं आधी बंधूजींकडं बघितलं, मग आईकडं.

"जाऊ का?" तिनं बंधूजींना विचारलं.

"जा म्हणणारा मी कोण, बाळ?" तो तसाच गोड बोलला. "तुझ्या आईनं तुला एकदा देऊन टाकलंय. हवं असेल तर जा."

मी नोकरीत पुष्कळ निर्दय माणसं पाहिली. चाकू चालवणारे पाहिले. पण एवढ्या हळू आवाजात एवढी खोल जखम करणारा दुसरा पाहिला नाही. पोरीनं नजर खाली घातली अन् बसून राहिली.

आई पुढं गेली अन् तिनं तिला सरळ उचललं. चौदा वर्षांची पोरगी, पण अंगात वजनच नव्हतं. "ह्या झग्यात नेणार नाही मी," ती म्हणाली. "तिचे कपडे द्या." बंगल्यात स्वयंपाकाला एक बाई होती. तिनं कोपऱ्यातली ट्रंक उघडली. पोरं आली तेव्हाचे कपडे आत गाठोडी बांधून ठेवलेले, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. जमादार ट्रंकेजवळ जरा वेळ उभा राहिला, मग काही न बोलता बाहेर आला.

उरलेल्या दहा पोरांना रिक्षांतून हॉस्पिटलात पाठवलं अन् बंधूजींना ठाण्यात आणलं.

तीन तास मी पूछताछ केली. ओरडून पाहिलं, टेबल आपटून पाहिलं, गप्प बसून पाहिलं. तो प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होता. बारावा पोरगा घरी गेला. कधी गेला? मागल्या आठवड्यात. कुणाबरोबर? एकटाच, मोठा होता तो. घरी तर नाही पोचला? मग वाटेत कुठं गेला असेल, मी काय सांगू.

माझा घसा बसला. तेव्हा जमादार चहा घेऊन आत आला. एक कप त्याच्यासमोर ठेवला अन् सहज विचारल्यासारखं विचारलं, "पादरी साब, वो बच्चा गया तो क्या पहन के गया?"

"त्याचेच कपडे."

"वो सफेद झगा नै?"

"झगा इथं उतरवून ठेवतात. आपले कपडे घालून गेला."

"जूते?"

"हो, बूटही त्याचेच."

जमादारनं माझ्याकडं बघितलं. "साब, ट्रंक में बारा गठड़ी थे. बारावी पे उसी का नाम. ऊपर जूते रक्खे थे, फीते बंधे हुए."

सकाळीच त्यानं ते मोजून ठेवलं होतं अन् पोटात ठेवलं होतं. समोरच्यानं कपड्यांचं उत्तर दिल्याशिवाय गाठोड्याचं सांगायचं नाही, ही त्याची जुनी रीत. आधी सांगितलं असतं, तर याला दुसरी गोष्ट रचायला वेळ मिळाला असता.

बंधूजींनी कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. मग म्हणाला, "तो झोपला आहे. उपास पुरा झाला की उठवला जाईल. तुम्ही माती हलवू नका, नाहीतर उठणार नाही."

त्याला हे खरं वाटत होतं की तो आम्हाला घाबरवत होता, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

मॅजिस्ट्रेट अन् डॉक्टरसमोर सीताफळाच्या झाडाखाली खणलं. फार खोल नव्हतं. पोराला चादरीत गुंडाळलं होतं. पंचांत पाळकसाहेब उभे राहिले, सही करताना त्यांची काठी पडली, ती जमादारनं उचलून दिली. ओळख पटवायला पोराचा बाप आला. दार लोटून घेणारा तोच. त्यानं चादरीखालचा पाय बघितला, बोटावरची जुनी खूण बघितली अन् "हो" म्हणाला. दुसरा शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, साधा ताप होता, पण अंगात काही उरलंच नव्हतं.

पोरगा वारला तो दिवस मी काढला. फिटर ठाण्याच्या दारातून परत गेला, त्यानंतर पाचवा दिवस. हे कुठल्या रिपोर्टात मागितलेलं नव्हतं. मी स्वतःसाठी काढला.

केस उभी राहिली, बंधूजींना शिक्षा झाली. किती झाली ते सांगत नाही, कारण कमी होती असंच वाटणार.

त्यानंतर एका रविवारी पाळकसाहेबांनी मला देवळात बोलावलं. उपासनेनंतर आई-बाप थांबले होते. म्हणाले, तुम्ही चार शब्द सांगा. मी काय शास्त्र सांगणार? मी पोलिसाचं सांगितलं. म्हटलं, खरा गुरू, खरा पाळक, खरा मास्तर, तुमचं पोर तुमच्यापासून लपवत नाही. भेटू देत नाही, विचारू नका म्हणतो, त्याच्याकडं आधी विचारायला जा. पोराचं नाव बदलतो, कपडे काढून घेतो, जेवण आपल्या हातात ठेवतो, तो कुणाचंही नाव घेऊन येवो, देवाचं घेऊन येवो, त्याच्या हातात पोर देऊ नका. भीतीच्या दिवसांत कुठल्याही कागदावर सही करू नका. अन् केलीच असेल, तर पोराच्या बाबतीत ती कधीही मोडता येते. लाज वाटते म्हणून थांबू नका. ठाण्यात या. कुणी हसणार नाही.

लोक ऐकत होते. मागच्या बाकावरून बाराव्या पोराची आई उठली अन् माझ्याजवळ आली.

"साहेब, त्यानं मला हाक मारली होती का?"

पोरांचे जबाब मीच घेतले होते. दोन दिवस तो आईला हाका मारत होता, अन् बाकीच्यांना मोठ्यानं भजन म्हणायला लावलं होतं.

"नाही बाई," मी म्हटलं. "झोपेतच गेला."

जबाबात खरं तेच लिहिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं.

केस चालू होती तेव्हा फिटरच्या पोरीचं समन्स घेऊन मी दोनदा त्यांच्या घरी गेलो होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा ती चुलीजवळ बसली होती. अंगावर मांस यायला लागलं होतं. आईनं ताट वाढलं. पोरगी ताटाकडं बघत बसली.

"खाऊ का?" तिनं विचारलं.

"खा."

तिनं एक घास खाल्ला अन् थांबली. "अजून खाऊ?"

"खा, बाळ."

आई मला बाहेर सोडायला आली. "प्रत्येक घासाला विचारते साहेब. पाणी प्यायचं तरी विचारते. ह्यांना विचारत नाही, मलाच. अन् हे आता घरात जास्त थांबतच नाहीत, ओव्हरटाइम मागून घेतात." मग म्हणाली, "तिकडं जायच्या आधी महिनाभर ती घरीच अशी झाली होती. हाक मारली की उठायची, द्याल ते खायची, धाकटीशी भांडण नाही, कशाला नाही म्हणणं नाही. आम्ही लाईनीत सगळ्यांना कौतुकानं सांगायचो, बघा, प्रभूनं पोरीला कसं वळण लावलं. तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

दुसऱ्यांदा गेलो ते चार-पाच महिन्यांनी. दारातूनच आतला आवाज ऐकू आला.

"परत भोपळा? मला नको जा! काल पण भोपळा, परवा पण भोपळा. तूच खा!"

भांडं आपटल्याचा आवाज झाला. धाकटी रडायला लागली. "हिनं माझी वाटी घेतली!" मग दोघींची जुंपली. जमादार माझ्याबरोबर होता, तो दारातच थांबला अन् माझ्याकडं बघायला लागला.

आई बाहेर आली. हाताला पीठ लागलेलं, डोळे वाहत होते, अन् तोंडभर हसत होती.

"ऐकलंत ना साहेब? उलटून बोलली! सकाळपासून तिसऱ्यांदा!"

"बाई, मग रागवा की तिला," मी म्हटलं.

"रागवते ना," ती म्हणाली. "रागवते. पण आज नाही."

खोलीच्या कोपऱ्यात फिटर बसला होता. तो त्या दिवशी कामाला गेला नव्हता. पोरीनं ढकललेलं ताट त्यानं आपल्याकडं ओढलं अन् भोपळा खायला लागला.

पुढं बदल्या होत गेल्या, ठाणी बदलली. तपासाला कुणाच्या घरी गेलो की मी पोरांकडं बघायची सवय लावून घेतली. पोरं दंगा करत असतील, आईला उलट बोलत असतील, तर मी निवांत चहा प्यायचो. एखाद्या घरात पोर फारच शहाणं दिसलं, सांगितल्याबरोबर उठणारं, कशालाच नाही न म्हणणारं, की मी चहा बाजूला ठेवून आई-बापांना विचारायचो, "हे जातं कुठं? कुणाकडं जातं?" पुष्कळांना माझा राग यायचा. येऊ दे.